परशूभावजींचा तळ्याचा बेत

परशूभावजींची नुसती आठवण आली तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. वाईट माणूस न्हवं हो! दारू न्हाई, शिवी न्हाई, कुणाच्या अध्यात न्हाई. पण बेत करायला बसले की झालं! माझे थोरले दीर ते, घरचे कारभारी. त्यांच्या तोंडावर बोलायची माझी टाप न्हवती, म्हणून आता बोलते.

मानमोडीच्या तापानं गुंदात, आमच्या गावात, घरोघरची माणसं नेली, त्याच्या फुडल्या वर्साची गोष्ट. आमची आत्ती, म्हंजे माझी सासू गुणा, पाच भावंडांतली. तापानं तिघं गेली. उरली ती आन तिची थोरली बहीण, तळ्यापल्याडच्या वाड्यावर दिलेली. वाड्यावर जायला डोंगरावरनं वाट हाय, पण चढ असला की म्हाताऱ्या माणसानं नावच घिऊ नये. तळ्याच्या काठाकाठानं मात्र सपाट वाट, रांगतं पोरबी जाईल अशी. तापाच्या सालात तिला कुणाचा पायच लागला न्हाई, आन मधी करवंदीची जाळी माजली.

आत्ती रोज म्हणायची, "एकदा अक्काच्या मांडीला मांडी लावून बसू दे, मग खुशाल मरंन."

भावजी म्हणाले, "आये, पाळणुकीला जाऊया. सगळं घरच जाऊया."

पाळणूक म्हंजे गावदेवीचा दिवस. त्या दिशी नांगर धरायचा न्हाई, कोयती उचलायची न्हाई, हिरवी काडीसुद्धा मोडायची न्हाई. सगळी माणसं मोकळी. तवा दिवस चांगला निवडला, मी न्हाई म्हणत न्हाई. फकस्त त्याच्या आदी जाळी तोडायला पायजे हुती.

मग सांजच्याला अंगणात बैठकी सुरू झाल्या. भाकऱ्या कुणी बांधायच्या, कणगाचे कंद उकडून न्यायचे का भाजून, घागर कुणाच्या डोक्यावर, पोरं म्होरं का मागं, जेवायला जांभळीखाली बसायचं का वडाखाली. माझा नवरा नागू नंदीबैलावानी मान हलवायचा. मी आत गेल्यावर त्याला विचारायची, "अवो, जाळीचं काय?" तर म्हणायचा, "दादा बघतोय." एक दिस त्यो स्वताच कोयती घिऊन निघाला, तर भावजींनी आडवला. "थांब, मी नीट रेघ धरून तोडतो. तू वाट वाकडी करशील." वाकडी तर वाकडी! आत्ती काय रेघ बघायला चालली हुती?

पाळणुकीच्या सकाळी आत्तीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. अक्काला न्यायचं म्हणून मधाचं गाडगं पोटाशी धरलं. काठी टेकत, हसत हसत चालली. निम्मं तळं मागं टाकलं, आन म्होरं बघतो तर जाळी तशीच. माणसाच्या डोस्क्यावर गेलेली.

भावजींनी कपाळावर हात मारला. "अरे द्येवा, ही ऱ्हायलीच की!"

ऱ्हायलीच! एवढ्या बैठकी झाल्या, चटणीत लसूण किती तेबी ठरलं, आन जाळी ऱ्हायली!

मी पदर खोचला आन हातानंच फांद्या वढायला लागले. काटे रुतले, रगत आलं. भावजी वरडले, "केशर, हिरवं मोडू नगं! गावावर कोप हुईल!" तापात माणसं गेलेली, कोप म्हटल्यावर सगळी चार पावलं मागं सरली. नागूनं मला मागं वढलं. जल्मात पैल्यांदा मी दिराला उलटून बोलले. "गावावर कशाला? तुमच्या बेतावर कोप हू दे!"

"गप, केशर," आत्ती म्हणाली. मग जाळीकडं तोंड करून तिनं हाक मारली, "अक्काऽऽ!" वाडा लांब हुता. कुणाला ऐकू जायचं?

आमी तिथंच जेवलो. ठरल्याबरहुकूम, जांभळीखाली. आत्तीनं भाकरीला हात लावला न्हाई. गाडगं मात्र सोडलं न्हाई.

"उद्याच तोडतो," भावजी म्हणाले. उद्या पेरणीचा बेत निघाला. नागू लाकूडतोडीला घाटाखाली गेला. मी आता आडपडदा ठेवला न्हाई, रोज तोंडावर विचारायची, आन रोज "उद्या" ऐकायची.

श्रावणात वाड्यावरनं माणूस डोंगर उतरून आला. अक्का गेली म्हणाला.

भावजी उठले. कोयती घेतली आन पावसातच भाईर पडले. दुपारच्या आत वाट मोकळी झाली. अगदी रेघ धरून, सरळ.

मी आत्तीला हाताला धरून नेलं. कुठं ठेच न्हाई, का दम लागला न्हाई. जाळी हुती तिथं ती थांबली, काठीनं भुई चाचपली.

"केशर, एवढीच वाट हुती?"

भावजी मागं मधाचं गाडगं घिऊन उभे हुते.

"व्हय आत्ती," मी म्हटलं, त्यास्नी ऐकू जाईल असं, "एवढीच."