डोळे मिटून ऐकणाऱ्या बाई

भोकरदनजवळच्या ज्या शाळेत मी शिकवण्याच्या सरावासाठी जाते, तिथे तिसरीला एक बाई गणित शिकवतात. मूल उत्तर देऊ लागलं की त्या डोळे मिटतात. बरोबर की चूक, सांगतच नाहीत, गाणं ऐकावं तशी मान हलवत फक्त म्हणतात, "मंग? पुढं?" सगळा वर्ग उन्हात तरंगत असल्यासारखा वाटतो.

परवा तपासणीला साहेब आले. त्यांनी एका लाजऱ्या मुलीला विचारलं, "अर्धी भाकर जास्त की पाव भाकर?"

"पाव भाकर."

'कच्ची' असा शेरा लिहायला साहेबांनी पेन काढलं. मुलीचा चेहरा पडला. तिच्या जागी मी असते, तर पुन्हा वर्षभर हात वर केला नसता.

बाईंनी डोळे मिटले. "मंग, बाळा? पुढं?"

ती पुटपुटली, "पाव मायच्या भाकरीतली. माय लई मोठी थापती. अर्धी माझ्या भाकरीतली. माझी एवढुशीच होती." तिने तळहात दाखवला.

बाईंनी डोळे उघडले. "साहेब, तुम्ही कोणती भाकर धरली होती, ते सांगितलंच न्हाई."

साहेब हसले. पेन खिशात ठेवून ते मुलीसमोर सतरंजीवर बसले. "बरं, आता तू मला विचार."