साहेबांच्या गाडीतली दुसरी बॅटरी

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा मी तिथे वायरमन होतो. साताऱ्याकडून आलेला, जवळच्या पाम गावात एका वाडीवाल्याकडे खोली घेऊन राहायचो. खोलीत कंदील होता.

बांधकामावर एक परदेशी साहेब होते. त्यांनी जुनी रुग्णवाहिका विकत घेऊन आत पलंग, कपाट आणि छोटी मोरी बसवून घेतली. सुट्टीत बाईसाहेबांना घेऊन समुद्रावर राहायचं म्हणाले. दिवा, पंखा आणि रेडिओ मी लावून द्यायचा होता. फ्रिजचंही त्यांनी विचारलं. फ्रिजच्या बॅटऱ्या ठेवल्या तर पलंग बाहेर काढावा लागेल, असं मी मोडक्या हिंदीत सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मी गाडीच्याच बॅटरीवरून तारा ओढल्या. सगळं चाललं. साहेबांनी हात मिळवला.

पहिल्या रविवारी त्यांनी मलाही केळव्याला नेलं. ओल्या, घट्ट वाळूवर गाडी उभी केली. दुपारभर पंखा फिरला, रेडिओ वाजला, बाईसाहेबांना छान झोप लागली. भरती चढू लागली तसा साहेबांनी स्टार्टर दाबला. टक् असा आवाज झाला, बस्स. बॅटरी पार उतरली होती. ती उतरेल हे मला आधी सुचलंच नव्हतं.

पाणी मागच्या चाकांना लागलं तेव्हा जाळी विणत बसलेले सातआठ कोळी उठून आले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने गाडीत डोकावून मला विचारलं, "तू इजेच्या कारखान्यातला ना? मंग गाडीत इज कशी नाय?"

"संपली," मी म्हणालो.

त्याला ते पटलं. सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली, बाईसाहेबांनीही अनवाणी उतरून खांदा लावला. तिसऱ्या धक्क्याला इंजिन सुरू झालं. परतीच्या वाटेवर नोकरी गेली असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून समोर कोरा कागद ठेवला. मी आकृती काढली: दिवा, पंखा आणि रेडिओसाठी वेगळी बॅटरी आणि दोन्हींच्या मध्ये एक खटका. गाडी चालताना खटका जोडायचा, म्हणजे दोन्ही भरतील. उभी असताना तोडायचा, म्हणजे इंजिनाची बॅटरी शाबूत राहील.

साहेबांनी कागद बराच वेळ पाहिला. "ये पहले क्यों नहीं किया?"

"पहले मालूम नहीं था, साब."

त्यांनी मान हलवली आणि नव्या बॅटरीच्या चिठ्ठीवर सही केली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

साहेब खटका तोडायला हमखास विसरायचे. शेवटी बाईसाहेबांनी ते काम स्वतःकडे घेतलं. चटई अंथरण्याआधी त्या खटका तोडत, मग चहा ठेवत. दोन हिवाळे गाडी एकदाही अडली नाही.

साहेब मायदेशी गेल्यावर गाडी एका ठेकेदाराने घेतली. त्याने पलंग काढून आत सिमेंट भरलं. दुसऱ्या बॅटरीचं काय करू, असं त्याने मला विचारलं. मी ती केळव्याच्या त्या म्हाताऱ्या कोळ्याच्या होडीत दिव्यासाठी बसवून दिली. खारं पाणी तिला फार दिवस टिकू देणार नाही, हे त्याला या वेळी आधीच सांगितलं.