मागच्या सीटवरून

गंगापूर धरणाच्या पाण्यावर कयाक शिकायची, हे मी ठरवलं आणि नवऱ्याला कळवलं. शनिवारी त्याला दुसरं काम नव्हतं, म्हणून तो आला. नणंदही आली, मोबाइल चार्ज करून.

प्रशिक्षकाने काठावरच सगळं समजावलं. पॅडल खांद्यांपेक्षा थोडं रुंद धरायचं. पातं पायांजवळ पाण्यात घालायचं, कमरेपाशी बाहेर काढायचं. जोर दंडांचा नको, कमरेतून वळायचं. दोघांच्या कयाकमध्ये पुढचा लय धरतो, मागचा दिशा सांभाळतो. नवरा पुढे बसला, कारण गाडीत स्टिअरिंग पुढेच असतं. मी वाद घातला नाही. दिशा आपसूक माझ्याकडे आली होती.

जाताना वारा पाठीशी होता, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं दोघांनाही वाटलं. परतताना तोच वारा समोरून, जरा डावीकडून लागला आणि आम्ही उजवीकडच्या मासेमारीच्या जाळ्यांकडे सरकू लागलो. जाळ्यात अडकलं की मोटरबोट येते आणि दोरी बांधून ओढत नेते. काठावर नणंद शूटिंग करत होती. आपली गाडी आजवर कुणाला टो करावी लागली नाही, हे नवरा पाहुण्यांना चहाबरोबर सांगतो. संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या पाहुण्यांनी त्याला दोरीच्या टोकाला पाहिलं असतं.

“अहो, उजव्या बाजूने लांब वळसा घेऊन मारा. तोंड डावीकडे वळेल.”

नवरा मागे वळला. “काय?” कयाक कलली.

“अहो, मागे बघू नका!”

त्याने मागे बघितलं. “का?”

लग्न झाल्यापासून ‘अहो’ ऐकलं की हा माणूस मान वळवतो. समोर ट्रक असला तरी. या वयात ते सुटणार नव्हतं. हाकच बंद करायला हवी होती.

“उजवं! लांब! परत उजवं!”

मान वळली नाही. ‘मारा’ म्हणायला वेळ लागत होता, म्हणून मी ‘मार’वर आले.

“मार! अजून मार! आता डावं!”

कयाकचं तोंड वळलं. जाळ्यांचे तरंगते डबे हाताच्या अंतरावरून मागे गेले. मग वाऱ्यात तोंड घालून, छोटे छोटे हात मारत, आमचे आम्ही काठाला लागलो.

“वहिनी, दादाला काय झापत होतीस गं! अख्ख्या धरणाला ऐकू आलं.”

“झापत नव्हती, दिशा सांगत होती,” नवरा पॅन्ट पिळत म्हणाला. “टाक तो व्हिडिओ ग्रुपवर. आमचे आम्ही आलोय, दिसू दे सगळ्यांना.”

नणंदेने मोबाइल वर केला.

“आवाज बंद करून टाक,” तो म्हणाला.