कोमलच्या वर्गात आईनं बोलायचं नाही

कोमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेलूला घरीच होते, शाळेला निघायच्या घाईत. श्रावणीच्या, माझ्या लेकीच्या, हातावरची मेंदी अजून लालचुटूक होती आणि ती मेंदी कोमलनंच काढलेली होती. दोनच दिवसांपूर्वी पेडगावला तिच्या भावाचं, गणेशचं लग्न झालं होतं. आम्ही मायलेकी तिथं मनसोक्त मिरवून आलो होतो. फोनवर तिचे वडील होते, अण्णा. "मॅडम, आमची कोमल ऱ्हायली न्हाई वो," एवढंच म्हणाले... मागं बायकांच्या रडण्याचा आवाज. मी होते तिथंच खाली बसले. अहो, परवा ती पंगतीत वाढत होती! पदर खोचून, वरणाची बादली घेऊन माझ्या पानासमोर आली आणि म्हणाली, "मॅडम, लाजू नका, घर आपलंच हाय." मी विचारलं, "आणि तू कधी बसणार जेवायला?" तर नुसती हसली आणि पुढच्या पानाकडं गेली. त्यानंतर मी तिला पाहिलं ते चादरीखाली.

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. लिहायला बसते आणि उठते. पंचविशीतली पोर ती, तिच्यावर मी असलं काही लिहायचं म्हणजे देवाघरचा उलटा न्यायच म्हणायचा. पण कोमल कोण होती हे आमच्या भागाबाहेर कुणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायला हवं, म्हणून लिहिते आहे.

आमची श्रावणी चौथीत असताना तिचं पोट बिघडलं ते बिघडलंच. दिवसातून कितीदा तरी जुलाब, त्यात रक्त, पोरगी सुकून चिपाड झाली. आधी जंताचं औषध झालं, मग सासूबाईंनी नजर उतरवली, मग एका डॉक्टरनं टीबी म्हणून गोळ्या चालू केल्या. शेवटी संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात कळलं की हा आतड्यांचा आजार आहे, आत सूज येते, जखमा होतात, आणि तो जन्माचा सोबती आहे. औषधांनी दबतो, जात नाही. त्याच दवाखान्यात कोमल भेटली. डॉक्टर श्रावणीला विचारत होते, "काय म्हणतंय पोट?" आणि उत्तरं मी देत होते, फडाफडा. मी मास्तरीण. वर्गात प्रश्न विचारणारीही मी आणि कुणी गप्प बसलं तर उत्तर देणारीही मीच. बाहेर आलो तर बाकावर बसलेली एक सावळी, काटकुळी पोरगी मला म्हणाली, "मॅडम, पोट दुखायलंय कुणाचं? तुमचं का हिचं?"

मला असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, ही कोण लागून गेली मला शिकवणारी? तोंडावर तसं म्हणालेही. तिला काही वाटलं नाही. श्रावणीकडं सरकून बसली आणि विचारलं, "शाळेत लय वेळा जावं लागतं ना गं? पोरी हसतेत?" माझी लेक, जी महिनाभर माझ्याशीसुद्धा धड बोलली नव्हती, ती त्या अनोळखी पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. हसत होत्या म्हणे पोरी. मला हे ठाऊकच नव्हतं.

कोमलला स्वतःला हाच आजार सातवीपासून. तिचं ऑपरेशन झालं होतं, काही महिने पोटावर शौचाची पिशवी लावून तिनं दहावीचा अभ्यास केला होता. नातेवाइकांचं एकच टुमणं : पोरीच्या पोटाचं बाहेर बोलू नका, उद्या सोयरीक जमायची नाही. काकूही, म्हणजे कोमलची आई, आल्यागेल्याला "पित्ताचा त्रास हाय तिला" असंच सांगायच्या. कोमल मात्र कुणी विचारलं की सरळ आजाराचं नाव घ्यायची. परभणीत वसमत रोडला एका माडीवर ती शिकवणी घ्यायची. रविवारी शिकवणी नसायची. तेव्हा तिनं आमच्यासारख्यांना तिथं बोलवायला सुरुवात केली. दवाखान्याच्या बाकावर जो भेटेल त्याला. कुणी जिंतूरहून यायचं, कुणी चारठाण्याहून, कुणी देवगाव फाट्यावर उभं राहून मिळेल त्या गाडीनं. सतरंजीवर मधोमध लेकरं बसायची आणि भिंतीला पाठ लावून आईबाप. आईनं बोलायचं नाही, हा तिथला कायदा. लेकराला विचारलं की लेकरानंच सांगायचं : गोळीचं नाव, किती वेळा जाऊन आलो, रक्त दिसलं का, कुठं दुखतंय. एखादं पोर अडखळलं की सगळ्या आया पुढं सरकायच्या आणि कोमल मागं न बघता म्हणायची, "भिंतीकडून आवाज यायलाय." मी तर कितीदा पदराचा बोळा तोंडात कोंबून बसले असेन, देवालाच माहीत.

आपल्याकडं जेवणाचा आग्रह म्हणजे काय प्रकार असतो, हे मी सांगायला नको. पाहुण्यानं 'पुरे' म्हटलं की वाढणाऱ्याच्या अंगात येतं. पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलेबी सोडणारी माणसं आपण! आणि आमची लेकरं नेमकी अशा एका जेवणानंतर आठ-आठ दिवस लोळायची, कारण मावशी रुसेल, आत्या बोलेल. म्हणून कोमलनं पाहुण्याचा खेळ काढला. एक लेकरू वाढणारं, दुसरं पाहुणा. पाहुण्यानं बहाणा सांगायचा नाही, उपास आहे म्हणायचं नाही, आत्ताच जेवून आलो म्हणायचं नाही. "मला पचत नाही, मी घेणार नाही, राग मानू नका," इतकंच, आणि तेही समोरच्याच्या डोळ्यात बघून. चारठाण्याची एक चिमुरडी अशी काही आत्याबाई वठवायची की विचारू नका. कमरेवर हात ठेवून म्हणायची, "व्हय, आता आमच्या हातचं कामून चालंल? शहरातले झाले ना तुमी!" आम्ही भिंतीकडचे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचो. त्या माडीवर आजारी लेकरं आहेत हे खालच्या दुकानदाराला खरं वाटायचं नाही, इतका दंगा चालायचा.

श्रावणीच्या शाळेत मुलींच्या संडासाला कायम कुलूप असायचं. मी भांडायला निघाले होते, हेडमास्तर माझ्या ओळखीचे होते. कोमल म्हणाली, "तुमी गेलात तर कुलूप तुमच्यासाठी उघडंल." ती श्रावणीला घेऊन गेली, स्वतः दाराबाहेर उभी राहिली आणि आत माझी लेक एकटी सरांना म्हणाली की मला आतड्यांचा आजार आहे, मला परवानगी मागायला वेळ नसतो, मी वर्गातून उठून जाणार आणि कुलूप काढून ठेवा. कुलूप निघालं. सगळ्या शाळेच्या पोरी त्या दिवशी श्रावणीवर खूश! घरी येऊन दोन घास जास्त जेवली ती.

अशी ही कोमल. दुसऱ्यांच्या लेकरांना दुखणं बोलायला शिकवणारी. आणि ती स्वतः...

लग्नाच्या आधीपासून तिचं पोट दुखत होतं. हळदीच्या दिवशी उलट्या झाल्या, तिनं सांगितलं जागरणानं पित्त झालंय. दुखणं थांबवायच्या गोळ्या खात राहिली आणि राबत राहिली. आतडं आत अरुंद होऊन तुंबलं होतं, नंतर फुटलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवी नवरी उंबरठ्याच्या आत आली, सत्यनारायण झाला आणि प्रसाद वाटता वाटता ही खाली कोसळली. नांदेडला नेईपर्यंत फार उशीर झाला होता. मातीला गेलो तेव्हा गणेश माझ्याजवळ येऊन लहान पोरासारखा रडला. म्हणाला, "मॅडम, मागं माझी सुपारी ठरली तवा ती दवाखान्यात होती. तारीख पुढं ढकलली. पाव्हणे बोलले, हिच्या पोटापायी समदं घर अडकलंय. तिनं ऐकलं व्हतं ते." सूनबाईच्या हातातला हिरवा चुडा तसाच, आणि ती बिचारी नणंदेच्या मयताला बसलेली. मला कोमलचा राग आला, खरं सांगते. गेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं. सगळ्या जगाला बोल म्हणणारी तू, तुझं तोंड का गं शिवलं गेलं? एका शब्दाचं काम होतं, कोमल.

पण माझ्या रागाला विचारतो कोण! श्रावणी मिटली. जेवायला ये म्हटलं की यायची, पानात चिवडत बसायची. पोट कसं आहे विचारलं की "ठीक." गोळी घेतली का, "हो." तिचा चेहरा उतरत चालला होता. रात्री ती पाय पोटाशी घेऊन झोपते हे मला दिसत होतं, पण विचारायला गेले की पाठ फिरवायची. एकदा मीच चिडले, ओरडले तिच्यावर, "अगं, कोमलनं काय शिकवलं तुला?" तर माझ्याकडं बघून थंडपणानं म्हणाली, "ताईनं कुठं सांगितलं स्वतःचं? बोलून काही होत असतं तर ती बोलली असती." एक पोर गेली होती, आणि दुसरी माझ्या डोळ्यांदेखत त्याच वाटेनं निघाली होती. घरात कुणी झोपेत कण्हलं तरी मी दचकून उठत होते. दवाखान्यात चल म्हटलं तर दार लावून घ्यायची.

तेरवीला पेडगावला गेलो. ज्या अंगणात लग्नाची पंगत बसली होती तिथंच पानं मांडली होती, मांडवाच्या बल्ल्या रोवलेल्या जागी खड्डे तसेच होते. काकू दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. तेरा दिवसांत कुणाशी बोलल्या नव्हत्या म्हणे. तेरवीचं गोड मागं सारू नये, गेलेल्या माणसाचा जीव घुटमळतो, अशी आपल्याकडं समजूत. कोमलची एक म्हातारी चुलत आजी बुंदीचे लाडू घेऊन वाढत होती. श्रावणीच्या पानापाशी आली. श्रावणीनं मान हलवली. आजीचा आवाज भरून आला, "घे माय, आमच्या कोमीच्या नावाचा हाय. एवढा एक. लय जीव व्हता तिचा तुझ्यावर." लाडू पानात पडलासुद्धा. सगळ्या पंगतीच्या नजरा माझ्या लेकीवर. माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण मी दात ओठावर दाबून बसले. श्रावणी त्या लाडवाकडं बघत राहिली. मग तिनं तो उचलला, आजीच्या ताटात परत ठेवला आणि उभी राहिली.

"मला पचत नाही, आजी. राग मानू नका." "आणि माझं पोट परवापासून खूप दुखायलंय. मला उलट्या झाल्यात, मी आईला सांगितलं नाही. मला दवाखान्यात जायचंय. आत्ता."

कुणीतरी पुटपुटलं, "आत्ता? भरल्या पानावरून?" आणि मी उठायच्या आत काकू उठल्या. तेरा दिवस ज्या जागच्या हलल्या नव्हत्या त्या बाई उठल्या आणि कोमलच्या तेरवीच्या पंगतीतून, उष्ट्या पानांमधून वाट काढत आल्या. श्रावणीचा दंड धरला. "गण्या, गाडी काढ," म्हणाल्या. अण्णा काही बोलायला लागले तर त्यांच्यावर कडाडल्या, "पानं ऱ्हाऊ द्या तशीच! हिला घेऊन चला आधी."

नांदेडला गाडी पोचेपर्यंत काकूंनी श्रावणीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी पुढं गणेशच्या शेजारी बसले होते. डॉक्टरांनी विचारलं आणि श्रावणीनं सगळं सांगितलं, कधीपासून, कुठं, किती वेळा. आतड्याला पुन्हा सूज येऊन वाट आवळत चालली होती. सलाइन लावली, औषधं बदलली, ऑपरेशनची वेळ आली नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस काढले असते तर काही सांगता आलं नसतं. मी बाहेर येऊन रडले. काकू रडल्या नाहीत. त्या नळावर गेल्या, तोंड धुतलं, आणि श्रावणीच्या पलंगाशी येऊन बसल्या.

आता रविवारी त्या पेडगावहून परभणीला येतात. वसमत रोडच्या माडीचं भाडं कोण भरतं, किती दिवस भरणार, यातलं मी काही विचारलेलं नाही. शिकवणीचा फळा पुसून कोरा आहे. काकूंना औषधांची नावं येत नाहीत, खेळ घ्यायला येत नाही. लेकरं आपापला खेळ घेतात, मोठ्या मुली लहानांना गोळ्यांची नावं पाठ करायला लावतात, श्रावणी त्यात पुढं असते. आम्ही आया भिंतीला बसतो. काकू मात्र भिंतीला बसत नाहीत. त्या सतरंजीवर लेकरांत बसतात आणि एकेकाला जवळ ओढून, तोंडाकडं बघत विचारतात, "दुखायलंय का रे बाळा?" एखादं 'नाही' म्हणालं तरी त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही, पुन्हा विचारतात, "खरं सांग." आणि एखादं हळूच 'हो' म्हणालं, की त्या बाईचा चेहरा... मला सांगता येत नाही काय होतं ते. त्याला छातीशी धरतात, पाठीवरून हात फिरवत राहतात आणि म्हणतात, "सांगितलंस माय, लय बरं केलंस. मला सांगितलंस."