फ्रिजमधला काढलेला दिवा

बाळांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजी फ्रिज उघडताना हातात टॉर्च का धरते. तुमचे आजोबा तिखटमीठ लावून सांगतील, त्याआधी मीच लिहिते.

तुमची आत्या तेव्हा पुण्यात पीएचडीच्या शेवटच्या प्रयोगाशी येऊन अडली होती. लागणारी अँटिबॉडी संपलेली. नवी परदेशातून यायला दोन महिने आणि फेलोशिप संपायला एकच. नाशिकच्या मैत्रिणीने आपल्यातली थोडी दिली. ती बर्फाच्या डब्यातून नेताना आत्या संगमनेरला आमच्याकडे जेवायला उतरली.

जेवताना तिने मला समजावलं. मतदान केलेल्याच्या बोटाला शाई असते, तशी पेशीतल्या कामाला लागलेल्या एन्झाइमवर फॉस्फेटची खूण असते. ही अँटिबॉडी खूण असलेल्यांनाच नेमकी चिकटते आणि हिरवी चमकते. डब्यातला बर्फ वितळला होता, म्हणून करंगळीच्या पेराएवढी ती बाटली तिने फ्रिजमध्ये ठेवली, फ्रीझरमध्ये हलवू नकोस, गोठली की वाया गेली, असं मला दोनदा बजावलं आणि जरा आडवी झाली.

मी दही ठेवायला गेले तर बाटलीभोवती चुरगळलेली फॉइल. माझ्या फ्रिजमध्ये चुरगळलेलं काही राहत नाही. मी फॉइल काढली, चमच्याच्या पाठीने सपाट केली आणि घडी घालून खणात ठेवली. बाटलीला तारखेची चिठ्ठी लावली. फ्रीझरला हातही लावला नाही.

चारला आत्या उठली आणि फॉइल नसलेली बाटली बघून ओरडलीच. उजेडाने ती चमक मरते, फॉइल त्यासाठीच होती. हे मात्र तिने मला सांगितलं नव्हतं, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते.

"आई, दार लावल्यावर आतला दिवा विझतो ना?"

दाराचं बटण बिघडल्यापासून दिवा दार लावलं तरी जळत राहायचा.

खुर्चीतून पेपर खाली न करता आजोबा म्हणाले, "दिवा आहे कुठे?"

मेकॅनिकला बोलावण्याऐवजी त्यांनी तो दोन वर्षांपूर्वी काढूनच टाकला होता. त्यावरून मी रोज त्यांना आळशी म्हणत होते, म्हणून ते माझ्या तोंडून निघेना. आता त्यांनी पेपर खाली केला. "तुझ्या आईला विचार, दोन वर्षं अंधारात कोणी ठेवलंय ते."

आत्याने खणातली फॉइल मागितली. मी दुसरी, नवी दिली. सपाट केलेली पुन्हा चुरगळायला माझा हात धजेना.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "चमकली, आई." मागोमाग फोटो: काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके.

त्यानंतर आजोबांना आळशी म्हणायची सोय उरली नाही. फ्रिज तोच आहे, दिवा अजून बसवलेला नाही, आणि फॉइलची ती घडी खणात आहे.