ताईची परीक्षा आणि शिट्टीसरांची सूट

ताई इंग्रजी शिकवते. थोरली बहीण म्हणून सांगत नाही, पण तिच्या विषयात नापास होऊन दाखवणं अवघड आहे, इतकं ती घोटून घेते. मी त्याच शाळेत ग्रंथपाल. माझ्या खोलीची भिंत तिच्या वर्गाला लागून आहे, त्यामुळे इतकी वर्षं मीही तिची विद्यार्थिनीच, फक्त फी न भरलेली. तिची पद्धत अशी की प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायचं आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत थांबायचं. घरी भावोजींना दूध आणायला सांगतानाही ती दोनदा सांगते. भावोजींचं औषधाचं दुकान आहे, त्यांना निमूट ऐकायची सवय आहे.

तिला परदेशाचं खूळ कधीच नव्हतं. लेक तिकडे शिकायला गेली, नोकरीला लागली, तरी ताई ढिम्म. मग एका दुपारी मधल्या सुट्टीत लेकीचा फोन आला. पोर तापाने फणफणली होती, खोलीत एकटी होती, आणि पाणी प्यायला उठू की नको एवढंच आईला विचारत होती. ताई तिला भिंत धरून ऊठ, सावकाश जा, असं सांगत राहिली. फोन ठेवून तिने पुढचा तास घेतला. तास संपल्यावर माझ्याकडे आली नि म्हणाली, "मी तिकडे जाणार. ती आजारी पडली तर उशाशी कुणीतरी बसायला हवं."

शिक्षक म्हणून तिकडे कायमचं जायचं, तर आधी तिकडचं शिक्षक मंडळ तुम्हाला तपासतं. ही बाई खरोखर शिक्षक आहे, असा दाखला ते देतं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि बोलण्याच्या भागात फार वरचे गुण लागतात. शिवाय वयाची अट होती. पुढचा वाढदिवस उलटला की ताईच्या अर्जाला कुणी हात लावणार नव्हतं. परीक्षेतून सूट मिळे, पण ती फक्त एका ठरावीक यादीतल्या देशांत शिकलेल्यांना. ताईने मंडळाला नम्र पत्र लिहिलं की मी स्वतः इंग्रजी शिकवते आणि माझे विद्यार्थी हीच परीक्षा देऊन तुमच्याकडे पोचलेत. मंडळाचं त्याहून नम्र उत्तर आलं. पत्र आवडल्याचं त्यांनी कळवलं होतं, आणि परीक्षा द्या म्हणूनही.

सूट मिळाली ती शिट्टीसरांना. हे आमचे क्रीडाशिक्षक. शिट्टी गळ्यात नसली तर त्यांना उघडं पडल्यासारखं वाटतं. तरुणपणी त्यांनी यादीतल्याच एका देशात चार वर्षं काढून पदवी आणली होती. तिथे ते आपल्याच भाषेच्या मुलांत राहिले, आपल्याच भाषेत जेवले आणि उरलेला वेळ मैदानावर पळाले. लेखी पेपर कसे निघाले ते सांगत नाहीत. इंग्रजीशी त्यांचे संबंध कधी बिघडले नाहीत, कारण ते जुळलेच नव्हते. ताईची लेक होती त्या देशात मैदानं आणखी मोठी, म्हणून त्यांनाही तिकडेच जायचं होतं. मंडळाने यादी पाहिली, पदवी पाहिली आणि यांचं इंग्रजी उत्तम आहे असं गृहीत धरलं.

ताई परीक्षेला बसली. लिहिणं, वाचणं, ऐकणं यांत बोट ठेवायला जागा नव्हती. बोलण्याच्या भागात समोर एक अदबशीर तरुण परीक्षक बाई होत्या. त्यांनी ताईला तिच्या घराविषयी विचारलं. ताईने पहिलं वाक्य म्हटलं, पुन्हा म्हटलं आणि परीक्षक बाईंचं लिहून होण्याची वाट पाहिली. बाई गोंधळल्या आणि खरंच लिहू लागल्या. सगळं घर असं दोनदा सांगून झालं, तेव्हा वेळ संपली होती. ताईचा अर्धा गुण कमी पडला. शेरा होता, बोलण्यात ओघ नाही. स्टाफरूममध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

त्याच आठवड्यात शिट्टीसर ग्रंथालयात आले आणि ताईसमोर उभे राहिले. मंडळाने पास केलं, आता तिकडच्या शाळा मुलाखत घेणार, आणि तिथे काय बोलायचं ते शिकवाल का, असं त्यांनी खाली मान घालून विचारलं. तिच्या जागी मी असते तर दार दाखवलं असतं. ताई मात्र म्हणाली, "बसा." मग रोज शाळा सुटल्यावर माझ्या टेबलावर त्यांची शिकवणी सुरू झाली. ताई त्यांच्यावर चिडायची, ओरडायची, पण सोडायची नाही. या माणसाला सूट आणि माझ्या बहिणीला परीक्षा, या विचाराने मी पुस्तकांची धूळ जरा जास्तच जोरात झटकायचे.

दुसऱ्या खेपेला ताईने काहीही दोनदा म्हणायचं नाही अशी शपथ घेतली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिने जीभ चावली. परीक्षकाला वाटलं, बाईंना शब्द सुचत नाहीत. पुन्हा तोच अर्धा गुण. तिसऱ्या परीक्षेची तारीख वाढदिवसानंतरची निघाली. विषय संपला. ताईने त्या दिवशी सगळे तास घेतले. रडले ते मी, ग्रंथालयाला आतून कडी लावून.

शिट्टीसरांचे नोकरीचे अर्ज मात्र ताईनेच लिहिले. त्यांना नोकरी मिळाली ती नेमकी माझ्या भाचीच्या शहरात. मला याचं नवल वाटलं. ताईला वाटलं नाही, कारण तिने झाडून सगळे अर्ज त्याच शहरातल्या शाळांना पाठवले होते. त्या देशात एवढ्याच शाळा आहेत अशी शिट्टीसरांची समजूत होती.

ते गेले त्याच वर्षी भाचीच्या पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स होतं, तातडीने ऑपरेशन करावं लागलं. ताईने कळवताच शिट्टीसर मैदानावरून तसेच दवाखान्यात धावले आणि तिला आत नेल्यापासून आम्हाला फोन करत राहिले. तिला बाहेर आणलं तेव्हा फोन चालूच होता. ताईने तो कानाला लावला होता, मी तिच्या खांद्याशी कान नेला होता. तिकडे नर्सने इंग्रजीत विचारलं, तुम्ही हिचे कोण?

शिट्टीसर इंग्रजीत म्हणाले, "मी नातेवाईक नाही. हिच्या आईला येता आलं नाही, म्हणून मी आलोय. ही शुद्धीवर येईपर्यंत मी इथून उठणार नाही."

नर्सने त्यांना खुर्ची दिली असावी. ती सरकवल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. ताई फोन कानाशी धरून रडत होती, आणि मला त्या माणसाचा वर्षभर केलेला राग आठवून लाज वाटत होती.

"बरं झालं गं," ताई म्हणाली, "त्यांना परीक्षा द्यावी लागली नाही."