सासऱ्यासमोरची मुलाखत

"पूर्ण नाव सांगा," साहेब म्हणाले.

खांबाआडचा पदर जरासा हलला. आवाज आला नाही.

"बाई, घाबरू नका. नुसतं नाव सांगायचंय."

मारुतीच्या देवळाचा सभामंडप. बाहेर फाल्गुनाचं ऊन इतकं पांढरं की समोरचं शिवार पाण्याखाली गेल्यासारखं हलत होतं. आत फरशी गार. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप ती गावातली पोरं त्या फरशीवर पोट टेकून पेंगत होती. वाऱ्यानं मधूनच घंटेचा लोलक हलायचा, आणि घंटा झोपेत बोलल्यासारखी एकदाच वाजायची. खांबाआड मंगल उभी होती. परभणीच्या शाळेत शिकलेली, दहावी पास. आणि तिला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं.

कारण पूर्ण नावात नवऱ्याचं नाव येतं. आणि समोर, साहेबांच्या मांडीला मांडी लावून, तिचा सासरा बसला होता. गावचा सरपंच, आबा. निवड समितीचा सदस्य.

मी मुख्यसेविका. म्हणजे पालमच्या बाजूच्या काही गावांतल्या अंगणवाड्यांवर देखरेख करणारी. साहेब म्हणजे आमचे बालविकास प्रकल्प अधिकारी. अंगणवाडी सेविका म्हणजे गावातली लहान पोरं दिवसा सांभाळणारी, त्यांना गाणी-गोष्टी सांगणारी, खाऊ घालणारी, वजन करणारी बाई. काम सरकारचं, पण पगार नाही. मानधन. तरीही या एका जागेसाठी गावात किती राजकारण होतं ते शहरातल्या वाचकाला सांगून पटणार नाही.

पात्रता काय? बाई त्याच गावची रहिवासी पाहिजे. वय बसलं पाहिजे. निदान सातवी पास पाहिजे, जास्त शिकलेली असेल तर बरं. बाकी सगळं सारखं असेल तर विधवा आणि नवऱ्यानं टाकलेल्या बाईला प्राधान्य. शिवाय आमच्या प्रकल्पात प्रात्यक्षिक असायचं. उमेदवारानं गावातली पोरं गोळा करायची आणि समितीसमोर एक गाणं किंवा गोष्ट घेऊन दाखवायची. बस्स. कागदावर बघाल तर इतकं स्वच्छ की वाटावं, स्वराज्य आलं.

या गावात अर्ज दोनच आले. एक मंगलचा. दुसरा कांताचा.

कांता बुद्धवाड्यातली. सातवी शिकलेली. राणीसावरगावला दिली होती, नवऱ्यानं दुसरी केली, ही लेकरू घेऊन माहेरी परत आली. आई-बाप दुसऱ्याच्या शेतात कामाला. ही जागा मिळाली तर कांता त्याच घरात ताठ मानेनं राहणार. नाही मिळाली तर पुढच्या हंगामाला ऊसतोडीला जाणार, लेकरू पाठीला बांधून. तिनं मला हे रडून सांगितलं नव्हतं. बसस्टँडवर भाव सांगावा तसं सांगितलं होतं.

निघायच्या आधी ऑफिसात मी साहेबांना विचारलं, "सून उमेदवार आणि सासरा परीक्षक? हे कोणत्या नियमात बसतं?"

"गावाचा मान असतो, बाई. सरपंचाला वगळून गावात अंगणवाडी चालते का?"

"मग मुलाखत कशाला घेता? आबांच्या घरी ऑर्डर पोचती करा."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता. "तुमची ती पत्रकं लिहायची सवय कधी जाणार?" म्हणाले.

नाही जाणार. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिली. सायक्लोस्टाइलची शाई अजून माझ्या नखांत आहे असं मला वाटतं. अठ्ठ्याहत्तर साली मी शाळेत होते, तेव्हा आमच्या वस्तीत काय झालं ते डोळ्यांनी बघितलंय. नामांतर अजून व्हायचंय. तोवर माझी वाक्यं अशीच येतील.

गावात शाळेत परीक्षा चालू होती, म्हणून समिती देवळात बसली. समितीची सतरंजी मंडपात, आणि कांता पायऱ्यांच्या खाली, कडुलिंबाच्या सावलीत. मी तिच्याकडे गेले.

"वर चल. सरकारी मुलाखत आहे. कुणी अडवलं तर मी बघते."

"कोण अडवंल न अडवंल, ताई. वर गेले तर गाव बोलतंय. आन् देवळात गेली म्हणून आपली माणसं बोलतेत. आजानं छप्पनसाली देव सोडले ते काय मी नोकरीसाठी धरायचे?"

"हा हक्काचा प्रश्न आहे, कांता."

"मला नोकरी पायजे, ताई. पायरी नको."

मला राग आला. तिचा नव्हे. ज्यांनी मुलाखत अशा जागी ठेवली त्यांचा. पत्रक असतं तर तिथंच मथळा सुचला असता. पण ती शांतपणे झाडाला टेकून बसली होती, आणि पेंगणाऱ्या पोरांतली दोन-चार एकेक पायरी घसरत तिच्याकडे निघाली होती. मग मीही वर गेले नाही. मधल्या पायरीवर बसले. तिथून दोन्हीकडचं दिसत होतं.

सरपंचांनी पहिला डाव रहिवासावर टाकला.

"साहेब, ती कांता तर आमच्या गावची न्हाईच की. लेक दिली, ती त्या गावची झाली. सून आली, ती या गावची. ही तर जगाची रीत हाय."

"आणि नवऱ्यानं हाकललेली, आबा?" मी विचारलं. "ती कोणत्या गावची? एसटीची?"

बसलेल्यांतलं कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी चष्मा पुसला.

"राहते कुठं सध्या?" त्यांनी विचारलं.

"हितंच," कांता खालून म्हणाली. "जलमले हितं, ऱ्हायलेय हितं. आबा, तुमच्याच वावरात येचणीला येते की मी. इसरलाव?"

आबांनी मान फिरवली. साहेबांनी रहिवास मान्य केला. पण शिक्षणात मंगल वरचढ होती, आणि ते मला नाकारता येत नव्हतं. नुसतं नाव सांगून एक गाणं म्हटलं असतं तरी जागा तिची होती.

तेच तिला जमेना.

"मंगल," साहेब म्हणाले, "नाव राहू द्या, माझ्याकडं लिहिलेलं आहे. पोरांना घेऊन एखादं गाणं म्हणा."

पदर आणखी खाली आला. आमच्याकडं सून सासऱ्यासमोर बसत नाही, डोकं उघडं ठेवत नाही, मोठ्यानं बोलत नाही. गाणं म्हणणं, टाळ्या वाजवणं, हात हलवून चिमणी करून दाखवणं तर सोडाच. मंगल शिकलेली खरी, पण नांदत होती ती त्याच घरात. खांबावर तिची बोटं दिसत होती. नखांनी ती दगड खरवडत होती.

मी गप्प बसू शकले असते. कांताचं नुकसान माझ्या गप्प बसण्यानं होणार नव्हतं. पण हे मला बघवेना.

"आबा," मी म्हणाले, "तुम्ही जरा पलीकडं जाऊन बसा. त्या बोलतील."

"का म्हणून? मी उठावं, आन् तुमी तुमच्या माणसाला घ्यावं? तुमची पत्रकं वाचलीत मी."

"वाचलीत ना? मग तोंडावर बोलते हे पण कळलं असेल. तुमच्या सुनेच्या भल्याचं सांगतेय. उठा."

"माझी सून माझ्यासमोर बोलत न्हाई, ही तिची लायकी हाय. ती लिव्हा."

"लायकीचा रकाना नाही, आबा."

साहेबांनीही प्रयत्न केला. "आबा, चहाचं बघता का जरा?"

"चहा यायलाय. मी बसलोय."

आणि खरोखरच ते मांडी घट्ट करून बसले, कुणी उठवायला आलं तर खुंटीसारखं उपटावं लागेल असे. सुनेला जागा मिळावी म्हणून समितीत शिरलेला माणूस, आणि त्याच्या तिथं असण्यानंच तिचं तोंड शिवलेलं. त्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण उठायचं म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवायचा, आणि ते त्यांच्या आयुष्यात बसत नव्हतं.

"दुसऱ्या उमेदवाराचं प्रात्यक्षिक घेऊ," साहेब म्हणाले आणि बसल्या जागेवरून सरकून मंडपाच्या कडेला आले. पाय पायरीवर सोडले. सरकारी अधिकाऱ्याला मी पहिल्यांदाच असं बसलेलं बघितलं.

कांता उठली नाही. तिनं आवाज चढवला नाही. मांडीवरच्या पोराच्या पाठीवर ताल धरला आणि सुरुवात केली.

"चिमणीबाई, चिमणीबाई, कणीस कुठं गावलं?
बाळूच्या गं वावरात, वाऱ्यानं जे लवलं."

बाळू नावाचं पोर डोळे चोळत उठून बसलं. माझं नाव! पुढच्या वेळेला फातिमाचं वावर आलं, मग गणूचं. ज्यांच्या घरी वीतभर जमीन नाही त्यांनाही त्या गाण्यात शेत होतं. मंडपातली पोरं एकेक करून जागी झाली आणि उतरली. ऊन तसंच होतं, पण कडुलिंबाची पिवळी पानं गळत होती आणि त्यातून तो आवाज येत होता, आणि मला वाटलं, आपण हे सगळं फार वर्षांनी आठवतोय. जणू निकाल केव्हाच लागून गेलाय, विद्यापीठाला नाव दिलं गेलंय, कुणी वर नाही कुणी खाली नाही, आणि ही पोरं म्हातारी होऊन आपल्या नातवंडांना हेच म्हणून दाखवतायत. मी जागी होते. साहेबही होते. पण त्यांचा पाय पायरीवर ताल धरत होता, आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

आबांच्या मांडीवर त्यांची नात होती, मंगलची मुलगी. सोनी. ती हळूच निसटली, आबांनी हात धरला, तिनं सोडवला, आणि ती खाली जाऊन कांताच्या गुडघ्याला चिकटली. रोजची जागा असावी तशी.

"चिमणीबाई, चिमणीबाई," कांता म्हणाली, "दाणा कुणा दिला?"

आणि खांबाआडून आवाज आला. बारीक, गोड, सरळ सुरात लागलेला.

"गंगंकाठी पिल्लू रडे, दाणा त्याला दिला."

कांतानं वर बघितलं. साहेबांनी वळून बघितलं. मंगलचा पदर कपाळापर्यंत सरकला होता आणि तिचे डोळे खाली, झाडाखाली, पोरीवर होते. ती कुठं उभी आहे हे ती विसरली होती.

"म्हणा, म्हणा," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "पुढचं म्हणा."

तेवढ्यात आबा खाकरले.

रागानंही नाही. सवयीनं. सासरा घरात येताना खाकरतो तसं. पदर पुन्हा खाली आला. गाणं खाली चालू राहिलं, वर थांबलं.

साहेबांनी बराच वेळ वाट बघितली. मी त्यांना त्याचं श्रेय देते. मग त्यांनी मंगलच्या नावापुढं 'प्रात्यक्षिक दिले नाही' असं लिहिलं आणि कांताची निवड केली.

आबा उठले. आता उठले! धोतर झटकून म्हणाले, "घ्या. पण देवळात भरायची न्हाई अंगणवाडी. सांगून ठिवतो."

"देवळात कोण भरवायलंय?" कांता म्हणाली. "लिंब हाय की."

तेव्हापासून अंगणवाडी कडुलिंबाखाली भरते. पाऊस आला की शाळेच्या ओट्यावर. पहिले काही दिवस वरच्या आळीची पोरं आली नाहीत, कांताच्या हातचं खातील का म्हणून घराघरांत खल झाला. मी भेटीला जायचे आणि भांडून यायचे. भांडणानं फरक पडला असं मला म्हणायला आवडेल. पण पोरं आली ती सोनीच्या मागं. सरपंचाची नात बसते म्हटल्यावर बाकीच्यांना कारण उरलं नाही. तिला रोज कोण पाठवत होतं ते आबांनी विचारलं नाही.

मागच्या भेटीत मंगल स्वतः आली होती, पोरीला न्यायला. आबा बाजाराला गेले होते. ती झाडाच्या पलीकडच्या अंगाला उभी राहिली. कांता गाणं घेत होती, आणि ही खालच्या आवाजात, ओळ संपायच्या आत, पुढची ओळ म्हणत होती.

"गाणं कुठं शिकलात?" मी विचारलं.

"सोनी घरी येऊन म्हणायची. कांता घरी असली की येचणीच्या बायांची पोरं तिच्याकडंच असायची ना. लपून पाठवायचे मी." मग ती जवळ आली. "ताई, तुमी साहेबाला सांगा. मला माझं नाव येत होतं."

"मला माहीत आहे."

"न्हाई, सांगा." तिनं मागं बघितलं. रस्ता मोकळा होता. पदर मागं सारून तिनं आपलं पूर्ण नाव घेतलं. आधी आपलं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. शाळेत हजेरीला उभं राहून घ्यावं तसं. मग तोंडावर हात ठेवून हसली आणि पोरीला कडेवर घेऊन गेली.

मी वर लिहून पाठवलंय. पात्रतेत वय आहे, शिक्षण आहे, रहिवास आहे, मुलाखतीच्या वेळी सासऱ्यानं कुठं बसावं हे नाही. ते घाला. शिवाय मुलाखत अशा जागी घ्या जिथं कुणाला खाली उभं राहावं लागणार नाही. उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटत नाही. म्हणून माझ्यापुरता नियम मी केला आहे. समितीची सतरंजी झाडाखाली टाकायची, आणि ती टाकायच्या आधी मोठ्यानं विचारायचं: यातल्या उमेदवारांचे सासरे कोण कोण आहेत? त्यांनी चहा प्यायला जावं. चहाचे पैसे मी देते.